बारापासॉरसच्या मागावर: पिसदुऱ्यापासून कोलकात्यापर्यंत

चंद्रपूरच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षे भूगोल शिकवला. डायनासोरांचा विषय निघाला की फळ्याशेजारी टांगलेल्या तक्त्यावरचे अमेरिकेतले प्राणी दाखवून मी तो संपवत असे. ज्या जिल्ह्यात मी जन्मलो, त्याच जुन्या चांदा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, भारतातल्या सर्वांत जुन्या महाकाय शाकाहारी डायनासोरांपैकी एकाचे, बारापासॉरसचे, अवशेष निघाले होते, हे मला निवृत्तीच्या जवळपास कळले. त्याचे पहिले हाड १९५८ साली सापडले तेव्हा सिरोंचा द्विभाषिक मुंबई राज्यात होते. मुख्य उत्खनन १९६१ साली झाले तेव्हा ते नव्या महाराष्ट्रात आले होते. आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर ती जागा आमच्या जिल्ह्यातून बाहेर पडली. हाडे मात्र त्याआधीच कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेली होती. यंदा जानेवारीच्या शेवटी, नागपूरला भूशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मुलीला सोबत घेऊन, आधी ती माती आणि मग ती हाडे, याच क्रमाने पाहायचे असे मी ठरवले.

पहिला दिवस: वरोरा, पिसदुरा, डोंगरगाव

सिरोंचा दक्षिणेला असताना आम्ही उत्तरेकडे निघालो, त्याचे कारण मुलीचा आग्रह. "बाबा, आधी तरुण खडक पाहू, म्हणजे म्हातारा खडक किती म्हातारा आहे ते कळेल," असे ती म्हणाली आणि मला ते पटले. चंद्रपूरहून वरोरा पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तिथून आत वळून आम्ही सकाळी नऊच्या सुमारास पिसदुऱ्याच्या शिवारात पोहोचलो. तूर निघाली होती, हरभरा घाट्यांवर आला होता आणि धुऱ्यावर दव अजून टिकून होते.

पिसदुऱ्याचे नाव जीवाश्मशास्त्रात दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले आणि खडकांचा ध्यास घेतलेले स्टीफन हिस्लॉप यांनी इथली हाडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच गोळा केली होती. १८६३ साली, टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. विदर्भातल्या जीवाश्मांचा माग काढू लागले की या माणसाचे नाव पुन्हा पुन्हा समोर येते, आणि त्याचे ऋण आपल्याकडे पुरेसे मानले गेले नाही असे मला मनापासून वाटते.

शेतमालकाची परवानगी घेऊन आम्ही धुऱ्याच्या कडेने चालत होतो. वेचून बाजूला टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगात मुलीला जे हवे होते ते दिसले: मुठीएवढा, राखाडी, एका टोकाला निमुळता होत गेलेला आणि अंगावर सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा असलेला गोटा. तो विष्ठाश्म होता, म्हणजे प्राण्याची विष्ठा दगड होऊन टिकलेली. शेतकरीदादांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि नांगराच्या फाळाला असे गोटे नेहमी लागतात, असे सांगितले. या गोट्यांचे महत्त्व फार मोठे आहे. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांचा बारकाईने अभ्यास करून वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले, की त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म सिलिकाकण आहेत, आणि तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. गवत डायनासोरांच्या काळानंतर आले, असे तोवर सर्वसाधारणपणे मानले जाई. डायनासोर गवत खात होते ही गोष्ट जगाला वरोरा तालुक्यातल्या एका शेताने सांगितली. गोटा आम्ही जिथून उचलला तिथेच ठेवला, कारण जागेवरून हललेल्या जीवाश्माची निम्मी साक्ष नाहीशी होते.

डोंगरगावची टेकडी दुपारी पाहिली. इथे १९८०च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांना एका मोठ्या सॉरोपॉडचा सांगाडा मिळाला. सॉरोपॉड म्हणजे लांब मान, लांब शेपूट आणि चार खांबांसारखे पाय असलेले शाकाहारी डायनासोर. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि २००३ साली त्याला इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळाले, ज्यातली पहिली अक्षरे त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांची आहेत. टेकडीवर आता झुडपे, मुरूम आणि वारा एवढेच आहे. इसिसॉरस आणि पिसदुऱ्याचे प्राणी साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहू लागला त्या सुमाराचे. ज्याच्यासाठी आम्ही निघालो होतो तो बारापासॉरस त्यांच्याहून जवळजवळ बारा कोटी वर्षांनी जुना होता.

दुसरा दिवस: चंद्रपूर ते सिरोंचा

दिवसभर प्रवासच झाला. गोंडपिपरीनंतर आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली. थोडे खाली ती वर्धेला मिळते आणि पुढे दोघी मिळून प्राणहिता होतात. आलापल्लीला जेवलो आणि तिथून दक्षिणेला सागाच्या जंगलातून जाणाऱ्या जवळपास शंभर किलोमीटरच्या रस्त्याला लागलो. रस्ता जागोजागी उखडलेला असल्याने वेग मिळत नव्हता, पण त्यामुळे कडेची माती नीट पाहता आली. चंद्रपूरकडची काळी माती मागे पडून तांबूस, वाळूमिश्रित जमीन कुठे सुरू झाली ते मुलीने वहीत टिपले. सिरोंच्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. खानावळीत आजूबाजूला तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलली जात होती आणि ताटातली मिरची इथल्याच शेतांतली होती.

तिसरा दिवस: वडधम

सिरोंच्याच्या अलीकडे आलापल्ली रस्त्यावर वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. वनखात्याने राखलेल्या या जागेत दगड झालेल्या वृक्षांची खोडे जमिनीतून वर आलेली दिसतात. लांबून पाहिले तर कुणी लाकूड तोडून ओंडके इथेच टाकून गेले असावे असे वाटते. जवळ जाऊन बोट लावले की गार दगड लागतो. एका खोडाच्या तुटलेल्या तोंडाशी आम्ही बराच वेळ बसलो. सालीचा खडबडीतपणा, उभे तंतू, मधेच फांदी फुटली होती तिथली गाठ, हे सारे जसेच्या तसे होते. पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशींत हळूहळू साचत जाते, लाकूड नाहीसे होते आणि त्याची घडण दगडात उरते, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते, पण ती गाठ हाताखाली आल्यावर माझेच वाक्य मला प्रथमच पूर्ण समजले.

बारापासॉरसची हाडे पाहण्याआधी ही खोडे पाहणे आवश्यक आहे, असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. त्या काळी गवत नव्हते, फूल नव्हते, आंबा-मोहासारखे सपुष्प वृक्ष नव्हते. जंगल होते ते सूचिपर्णी वृक्षांचे, सायकसच्या जातीच्या झाडांचे आणि नेच्यांचे. एवढे प्रचंड शरीर पोसायचे तर दिवसभर हाच कडक पाला ओरबाडत राहावे लागे, आणि लांब मानेचा उपयोग त्यासाठीच होता: जड धड फारसे न हलवता मोठा परिसर तोंडाच्या टप्प्यात आणणे. आणखी एक गोष्ट इथे मनात धरून ठेवावी लागते. तेव्हा सह्याद्री नव्हता, दख्खनचे पठार नव्हते आणि हिमालयही नव्हता. आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांना चिकटलेली ही भूमी दक्षिण गोलार्धात होती, आणि आजच्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात त्याही वेळी नद्या वाळू व गाळ आणून टाकत होत्या.

चौथा दिवस: पोचमपल्ली आणि कोटा

या दिवसासाठीच सगळा प्रवास होता. सिरोंच्यातल्या एका ओळखीच्या शिक्षकांनी त्यांच्या भाच्याला आमच्याबरोबर दिले होते. तो तेलुगूत विचारत पुढे आणि आम्ही मागे, असे सकाळी पोचमपल्लीत पोहोचलो. पारावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी "हाडंवाले साहेब" म्हटल्याबरोबर मान डोलावली. ते तेव्हा लहान होते. वडिलांबरोबर खणणाऱ्यांसाठी पाणी नेल्याचे त्यांना आठवत होते. त्यांच्या आठवणीतली जागा आणि मुलीजवळच्या नकाशातली जागा नेमकी एकच होती असा माझा दावा नाही, पण त्यांनी काठीने दाखवलेल्या उतारावर खडकांचा क्रम पुस्तकात वाचला होता तसाच दिसला: खाली भरड वालुकाश्म आणि त्यावर तांबड्या मातीखडकाचे थर. हा कोटा शैलसमूहाचा खालचा भाग. चिखल वाळताना पडतात तशा चौकोनी तुकड्यांत तो मातीखडक फुटत होता. एक तुकडा पाण्याच्या थेंबाने ओला केला तर क्षणात त्याची तांबडी, बोटाला लागणारी माती झाली. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी ती अशीच ओली असणार.

इथे जे सापडले त्याचा हिशेब असा. सुमारे २७५ चौरस मीटर जागेत, म्हणजे आमच्या शाळेच्या चार-पाच वर्गखोल्यांएवढ्या क्षेत्रात, जवळपास ३०० हाडे पसरलेली होती. ती एका प्राण्याची नव्हती. किमान सहा बारापासॉरस तिथे संपले होते. मणके होते, बरगड्या होत्या, कमरेची आणि पायांची हाडे होती, आणि त्यांच्या जोडीला मोठमोठी अश्मीभूत खोडे होती. डोके मात्र एकाचेही मिळाले नाही. मिळाले ते काही सुटे दात. सॉरोपॉडांची कवटी शरीराच्या मानाने लहान आणि हलक्या हाडांची असते, मानेशी तिचा सांधा नाजूक असतो, त्यामुळे वाहत्या पाण्यात ती लवकर निसटून जाते. हाडे आणि ओंडके एकत्र पडलेले पाहून अभ्यासकांनी मोठ्या पुराची शक्यता मांडली आहे: एखादा कळप मृत्यू पावला आणि पुराच्या लोंढ्याने झाडांसकट त्यांचे अवशेष आणून इथे गाळात पुरले.

खणणाऱ्यांना सर्वांत आधी ज्याने थक्क केले ते मांडीचे हाड. १.७ मीटर लांबीचे ते हाड पाहून कामाच्या ठिकाणी या प्राण्याचे बोलीतले नाव "बारापा" पडले, म्हणजे मोठ्या पायाचा. तोच शब्द पुढे शास्त्रीय नावात गेला. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून जातीच्या नावात "टागोराय" आले. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधरी आणि शंकर चॅटर्जी यांनी १९७५ साली बारापासॉरस टागोराय हे नाव रीतसर प्रसिद्ध केले. ग्रीक-लॅटिन नावांच्या जंगलात आपल्या बोलीतला शब्द इतक्या मानाने बसला, याचा मला फार आनंद वाटतो.

दुपारी कोटा गावाकडे गेलो. प्राणहितेच्या काठावरच्या या लहान गावाचे नाव आज जगभरच्या जुरासिक अभ्यासकांना माहीत आहे. इथल्या चुनखडकात सापडलेल्या माशांचे वर्णन १८५१ सालीच प्रसिद्ध झाले होते, आणि विल्यम किंग यांनी १८८१ साली या संपूर्ण खोऱ्याच्या भूशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. नदी पात्रात पसरून शांत वाहत होती, मधे वाळूची बेटे उघडी पडली होती आणि पलीकडचा काठ तेलंगणातला होता. त्याच पलीकडच्या बाजूला यामनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कोटासॉरस मिळाला. बारापासॉरसचा हा काहीसा लहान, सुमारे नऊ मीटरचा नातलग. १९८८ साली त्याला नाव मिळाले आणि त्याचा सांगाडा आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. मुलगी वाळूत उतरली आणि पाण्याने आणून टाकलेला एक ओंडका मला दाखवत राहिली. तो अर्धा वाळूत पुरला गेला होता आणि त्याच्या अडणीला गाळ, काटक्या व कुठल्याशा जनावराची बरगडी अडकली होती. पोचमपल्लीला जे वाचले-पाहिले होते, ते इथे ओल्या वाळूत पुन्हा घडताना आम्ही पाहत होतो.

पाचवा आणि सहावा दिवस

सिरोंच्याहून परत चंद्रपूर, तिथून नागपूर आणि रात्रीची हावड्याची गाडी. गाडीत एका सहप्रवाशाने विचारले, की संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसा. प्रश्न रास्त आहे. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची धारणा अशी होती, की जिथे जिथे मोजमाप आहे तिथे तिथे संख्याशास्त्राचे काम आहे, आणि जीवाश्म हे मोजमापाचे उत्तम क्षेत्र आहे. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पामेला रॉबिन्सन १९५७ साली भारतात आल्या आणि त्यांनी तरुण भारतीय भूशास्त्रज्ञांना प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात काम करायला शिकवले. तोपर्यंत भारतात सापडलेली महत्त्वाची हाडे बहुतांशी परदेशी अभ्यासकांच्या हाती जात. बारापासॉरस खणला गेला, साफ झाला, मोजला गेला आणि उभा राहिला तो याच देशात. तो आपल्या गावी नाही, ही माझ्या मनातली खंत खरी आहे. पण तो कोलकात्याला गेला म्हणूनच अभ्यासला गेला, हेही तितकेच खरे आहे, आणि प्रवासात मला ते मान्य करावे लागले.

सातवा दिवस: बारानगर

बॅरकपूर ट्रंक रोडवरच्या संस्थेच्या आवारात सकाळी पोहोचलो. परवानगीसाठी आधी पत्र पाठवले होते. भूशास्त्र संग्रहालयाचे दार उघडले आणि समोर तो उभा होता.

त्याच्या आकारावर मी लगेच काही लिहू शकलो नाही. सुमारे १४ मीटर लांबीचा सांगाडा दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी आधारांवर तोललेला आहे. १९७७ साली कोलकात्यात भरलेल्या, गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन जोडखंडावरच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाच्या वेळी तो उभारला गेला. तो एका प्राण्याचा नाही. पोचमपल्लीत मिळालेल्या वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे जुळवून एक शरीर उभे केले आहे, आणि कवटी नसल्यामुळे डोके घडवून बसवले आहे. हे कळल्यावर काहींचा विरस होतो असे तिथल्या संशोधक विद्यार्थिनीने सांगितले. मला मात्र उलट वाटले. त्या उतारावर एकत्र संपलेल्या प्राण्यांपैकी अनेकांचा वाटा या एका देहात आहे.

तिने आम्हाला जवळ नेऊन मणके दाखवले. नंतरच्या काळातल्या सॉरोपॉडांचे मणके आतून खोलवर पोकळ असतात. वजन कमी व्हावे म्हणून हाडांत हवेच्या पिशव्या शिरलेल्या असतात. बारापासॉरसच्या मणक्यांच्या बाजूंना तसे खोल खळगे नाहीत, फक्त उथळ दबलेल्या जागा आहेत. कुंभाराने ओल्या मातीवर अंगठा टेकवून उचलावा, तशा त्या दिसतात. पुढच्या कोट्यवधी वर्षांत याच जागा खोल होत गेल्या आणि या कुळातले काही प्राणी याच्या दुप्पट लांबीला पोहोचले. पण पाय पाहिले तर ते तेव्हाच पुरते खांबांसारखे सरळ झालेले आहेत. कमरेशी चार मणके एकमेकांत जुळून एकसंध झाले आहेत, आणि या जातीचा शास्त्रीय आधारनमुना म्हणून हेच जुळलेले हाड नोंदवले आहे. नाव पायाचे मिळाले आणि ओळख कमरेवरून ठरली. दातही पाहिले: चमच्याच्या आकाराचे, कडेला ठसठशीत दाणे असलेले. वडधमच्या त्या कठीण झाडांचा पाला याच दातांनी ओरबाडला असेल.

शेवटी मी मांडीच्या हाडाशी गेलो. हात लावायचा नव्हता, म्हणून दोन बोटे अंतरावर उभा राहून पाहत राहिलो. हाडाचा दांडा लांब, सरळ आणि जवळजवळ गुळगुळीत आहे. पृष्ठभागावर केसासारख्या असंख्य उभ्या भेगा आहेत, आणि जिथे स्नायू बांधलेला असे तिथे हाताला उंचवटा जाणवेल असा कंगोरा आहे. एका भेगेत बारीक तांबडी रेघ दिसली. साफ करताना सुटलेली माती असेल किंवा खडकातला लोहाचा रंग असेल. मुलीने चष्मा कपाळावर चढवून ती निरखली आणि पाठीवरच्या पिशवीतून वही काढून पोचमपल्लीचे पान उघडले. त्या दिवशी ओल्या तुकड्याने पानावर उमटलेला डाग तिने भेगेच्या जवळ नेऊन धरला.

माझी उंची १७० सेंटिमीटर आहे, या हाडाएवढीच. विद्यार्थिनीने आमचे एक छायाचित्र काढले, आणि मी तिला पोचमपल्लीच्या त्या वृद्ध गृहस्थांविषयी सांगितले, ज्यांनी लहानपणी खणणाऱ्यांना पाणी नेले होते. तिने त्यांचे नाव आणि गावाची वाट एका कागदावर लिहून घेतली. पुढच्या हिवाळ्यात क्षेत्रकामाला जाणाऱ्यांना ती तो कागद देणार आहे.